मेंदूच्या जन्मजात दोषासह जन्मलेल्या बाळाची मूत्रपिंडे कशी सांभाळावीत

एमआरआयचा अहवाल हातात पडला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष बाळाच्या डोक्यावर खिळते. मान कधी धरेल, नजर कधी ठरेल, झटके तर येणार नाहीत ना, डोक्याचा घेर या महिन्यात किती वाढला, या प्रश्नांतच पहिले वर्ष निघून जाते. मूत्रपिंडांबद्दल कोणी विचारत नाही, कारण ती दुखत नाहीत, आणि बिघडू लागली तरी यांतल्या काही आजारांत सुरुवातीला लघवी कमी न होता उलट वाढते. भरपूर लघवी करणारे बाळ कोणालाच आजारी वाटत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या अशा पालकांसाठी हा लेख आहे. मोठ्या माणसांच्या किडनीच्या आजारावरून आपण दोन समज पक्के करून ठेवलेले असतात, पाणी कमी आणि मीठ बंद. यांतल्या अनेक बाळांच्या बाबतीत हे दोन्ही समज जिवावर बेतू शकतात, हे सर्वांत आधी सांगायला हवे.

आधी दोषाचे नेमके नाव लिहून घ्या

“डोक्यात प्रॉब्लेम आहे” एवढ्यावर बाहेर पडू नका. डॉक्टरांना दोषाचे पूर्ण नाव कागदावर लिहून द्यायला सांगा, कारण मूत्रपिंडांना धोका कोणता आणि तो केव्हा, हे त्या नावावरून ठरते.

जूबेर सिंड्रोममध्ये लहान मेंदूचा मधला भाग, म्हणजे वर्मिस, नीट घडलेला नसतो. एमआरआयच्या आडव्या छेदात मेंदूचा तो भाग दाढेसारखा दिसतो, म्हणून अहवालात ‘मोलार टूथ साइन’ असे लिहिलेले असते. मारी जूबेर यांनी १९६९ मध्ये त्याचे वर्णन केले. साधारण ऐंशी हजार ते एक लाख जन्मांमागे एक बाळ, इतका तो दुर्मीळ आहे. बाळ अंगाने सैल असते, डोळे इकडेतिकडे फिरत राहतात, आणि पहिल्या महिन्यांत श्वास मध्येच भरभर चालतो, मध्येच थांबतो. अशा मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला पुढे नेफ्रोनोफ्थिसिस हा मूत्रपिंडाचा आजार होतो. कारण दोन्हींचे मूळ एकच आहे. शरीरातल्या बहुतेक पेशींवर केसासारखा एक सूक्ष्म तंतू, म्हणजे सिलिया, असतो आणि त्याच्यामार्फत पेशीला आजूबाजूचे संकेत मिळतात. तो तंतू घडवणाऱ्या जनुकांत बिघाड असला, की मेंदू, मूत्रपिंड, यकृत आणि डोळ्याचा पडदा यांपैकी कोठेही त्याचा परिणाम होऊ शकतो.

मेकेल-ग्रुबर सिंड्रोमचे मूळही याच तंतूत आहे, पण त्याचे रूप फार तीव्र असते. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूची पिशवी बाहेर आलेली, हातापायांना जास्तीची बोटे आणि मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी अशा या बाळांपैकी बहुतेक जन्माआधी किंवा जन्मानंतर लगेच दगावतात. गॅलोवे-मोवट सिंड्रोममध्ये डोके लहान राहते आणि लघवीतून प्रथिने वाहून जातात. अशा बाळाच्या पापण्या सकाळी सुजलेल्या दिसतात आणि लघवीला फेस येतो.

होलोप्रोसेन्सेफली (मेंदूचे दोन अर्धगोल नीट वेगळे न होणे) आणि सेप्टो-ऑप्टिक डिस्प्लेसिया (डोळ्यांच्या नसा आणि मेंदूचा मधला भाग नीट न घडणे) यांत मूत्रपिंडे सहसा निरोगी असतात, पण पाणी रोखून धरण्याचा निरोप देणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मेंदूकडून पुरेसे येत नाही. पाण्यासारखी लघवी होत राहते आणि रक्तातले सोडियम चढत जाते. या विकाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात आणि साखरेशी त्याचा काही संबंध नाही. ‘डायबेटिस’ हा शब्द ऐकून कोणी बाळाची साखर तपासत बसले, तर त्यांना हे नम्रपणे सांगावे. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या आणि त्यासोबत कियारी दोन प्रकारचा दोष, म्हणजे लहान मेंदूचा भाग खाली मानेकडे सरकलेला, असलेल्या बाळाची मूत्रपिंडेही जन्मतः बहुधा चांगली असतात. बिघाड मूत्राशयाच्या नसांत असतो. डँडी-वॉकर या लहान मेंदूच्या दोषात मूत्रपिंडे घडणीतच सदोष असण्याची शक्यता असते, म्हणून निदान एकदा तरी सोनोग्राफी करून घ्यावी.

पहिल्या तपासण्या आणि क्रिएटिनिनचा चकवा

पोटाची पहिली सोनोग्राफी जन्मानंतर दोन दिवस उलटल्यावर करावी, कारण पहिल्या दोन दिवसांत लघवी कमी असल्याने मूत्रपिंडाला आलेली सूज दिसत नाही. ती दीड महिन्याने पुन्हा करावी. अहवालात ‘इकोजेनिसिटी वाढलेली’ किंवा ‘कॉर्टिकोमेड्युलरी डिफरन्सिएशन कमी’ असे शब्द आले, तर मूत्रपिंडाचा बाहेरचा थर आणि आतला गाभा यांतला फरक पुसट झाला आहे असा त्याचा अर्थ. मात्र नेफ्रोनोफ्थिसिसमध्ये सुरुवातीची सोनोग्राफी अगदी सुरेख येऊ शकते, त्यामुळे एका चांगल्या अहवालावर फाइल कपाटात ठेवून देऊ नये.

रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि हिमोग्लोबिन पाहावे. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून तयार होणारा आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा; त्याच्या बाबतीत मी पालकांना फार सावध करतो. पहिल्या काही दिवसांत तो आकडा आईच्या रक्ताचा असतो; एक-दोन महिन्यांनंतर निरोगी बाळात तो ०.२ ते ०.४ च्या आसपास उतरतो. लॅबच्या कागदावर मात्र पुष्कळदा मोठ्या माणसांची कक्षा छापलेली असते, ०.६ ते १.२ वगैरे. सव्वा वर्षाच्या, ७६ सेंटीमीटर लांबीच्या बाळाचे क्रिएटिनिन ०.८ आले, तर त्या कागदावर ते ठळक अक्षरात येणार नाही आणि सगळे निश्चिंत होतील. पण ०.४१३ ला लांबीने गुणून क्रिएटिनिनने भागण्याचे एक साधे सूत्र आहे. त्यात हे आकडे घातले की उत्तर ३९ येते, म्हणजे मूत्रपिंडांची ताकद निम्म्याच्याही खाली गेलेली आहे. हे सूत्र वर्षापुढच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळाचा हिशेब डॉक्टरांवर सोडावा. शिवाय अंगाने सैल आणि स्नायू कमी असलेल्या बाळात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, त्यामुळे बिघाड झाकला जातो. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी मागून घ्यावी.

सकाळची पहिली लघवी नेहमी पातळच येत असेल, विशिष्ट घनता सतत १.००५ ते १.०१० च्या दरम्यान राहत असेल, तर ती नोंद महत्त्वाची आहे. नेफ्रोनोफ्थिसिसच्या सुरुवातीला लघवीत प्रथिने नसतात, रक्त नसते आणि रक्तदाबही बहुधा वाढलेला नसतो. ‘युरिन नॉर्मल’ असा शेरा घेऊन लोक घरी येतात.

लंगोट मोजण्याची वही

घरी करण्यासारखे सर्वांत उपयोगाचे काम हे आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा. कोरड्या लंगोटाचे वजन एकदा करून काट्यावरच पेनाने लिहून ठेवावे, समजा ४० ग्रॅम. ओला लंगोट निघाला की लगेच काट्यावर ठेवावा, कारण आपल्याकडच्या वैशाखात तो दहा-पंधरा मिनिटांतच सुकू लागतो. काट्यावर ११५ आले, तर ७५ मिली लघवी झाली. एक ग्रॅम म्हणजे एक मिली, एवढाच हिशेब. शी मिसळली असेल तर पुढे ‘मिश्र’ असे लिहावे. वहीत वेळ, दूध किती आणि लघवी किती, एवढे तीनच रकाने पुरेत. सात रकान्यांची वही चौथ्या दिवशी बंद पडते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

सहा किलोच्या बाळाला दिवसरात्रीत साधारण दीडशे ते पाचशे मिलीपर्यंत लघवी होते. सलग दोन दिवस सहाशेच्या पुढे आकडा गेला, किंवा दीडशेच्या खाली राहिला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. महिनाभर रोज मोजण्याची गरज नाही. निदान होईपर्यंत, औषधाचा डोस बदलल्यावर आणि आजारपणात मोजावे; एरवी आठवड्यातून एक दिवस पुरतो. घरातली आजी “पोऱ्या भलता मुतस” असे कौतुकाने म्हणत असेल, तर ते वाक्य हसण्यावारी नेऊ नका. पुष्कळदा पहिले निदान तेच असते.

रोज सकाळी आंघोळीआधी, उघड्या अंगाने, एकाच काट्यावर बाळाचे वजनही करावे. सहा किलोच्या बाळाचे वजन एका दिवसात तीनशे ग्रॅमने उतरले, तर ते मांस नव्हे, पाणी गेलेले असते. टाळू खोल गेली की पाणी कमी झाले, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण डोक्यात पाणी साठलेल्या किंवा शंट (ते पाणी बाहेर वळवणारी नळी) बसवलेल्या बाळाच्या बाबतीत टाळूवर विसंबू नये. आतला दाब जास्त असेल, तर अंगातले पाणी संपत आले असतानाही टाळू वरच राहते. तिथे काटा आणि वहीच खरी.

पाणी, मीठ आणि केळी

निरोगी बाळाला सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी द्यायचे नसते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते आणि उन्हाळ्यात अधिक वेळा पाजले की भागते. परंतु मूत्रपिंडे पाणी रोखू शकत नसतील, तर डॉक्टर याला अपवाद करून मोजून पाणी लिहून देतात. ते औषधासारखेच मोजून, वेळेवर आणि रात्रीही द्यावे. मोठे माणूस तहान लागली की उठून माठाकडे जाते. या बाळाला तर रडूनही धड सांगता येत नाही, कारण त्याचे रडणे झटक्यांचे की भुकेचे, यातच घर गुंतलेले असते. बाळ नुसते चिडचिडे झाले, रडणे किनरे झाले, कारणाशिवाय अंग तापले आणि मग झटका आला, तर तो मिरगीचाच आहे असे गृहीत न धरता सोडियम तपासायला सांगावे. १५० च्या बरेच वर गेलेले सोडियम स्वतःच झटके आणू शकते. ते उतरवायचेही हळूहळू असते, चोवीस तासांत दहा-बारा अंकांपेक्षा जास्त नाही, कारण घाईने उतरवल्यास मेंदूला सूज येते. म्हणून हे काम घरी भरपूर पाणी पाजून करायचे नसून दाखल करूनच करायचे आहे.

डायबेटिस इन्सिपिडससाठी डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनचे काम करणारे औषध सुरू असेल, तर धोका उलट्या बाजूचा असतो. औषधाने लघवी रोखली गेली आहे आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच चालू आहे, असे झाले की सोडियम खाली कोसळते. दोन डोसांच्या मध्ये एकदा तरी भरपूर लघवी होऊन जाते की नाही, हे वहीत पाहावे. औषध फ्रिजमध्ये ठेवायचे असेल, तर भारनियमनाच्या वेळी ते कोठे ठेवणार, हे आधीच ठरवावे.

मीठ बंद करण्याचा सल्ला या घरांत शेजारपाजारचे लोक हमखास देतात, कारण डायलिसिसवरचे कोणीतरी त्यांच्या माहितीत असते. नेफ्रोनोफ्थिसिसची मूत्रपिंडे मीठसुद्धा गळू देतात. अशा बाळाचे मीठ तोडले तर ते सुकते, वाढ थांबते आणि उरलीसुरली ताकदही जाते. सूज किंवा रक्तदाब वाढला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे एकच आजार पुढे सरकला की त्याच बाळाचा सल्ला बदलतो. निर्णय रक्तदाब आणि सोडियम पाहून डॉक्टरांनी घ्यायचा, नातेवाइकांनी नाही.

आता केळी. जळगाव जिल्ह्यात वरचे अन्न सुरू होते ते बहुतेक कुस्करलेल्या केळ्यानेच, आणि किडनीचे नाव निघाले की पहिले केळेच बंद होते. केळ्यात पोटॅशियम भरपूर असते हे खरे, पण या आजारांत सुरुवातीला पोटॅशियम सहसा वाढत नाही. रक्ताचा अहवाल ठीक असेपर्यंत बाळाचे केळे बंद करू नये; पोटॅशियम वाढल्याचे दिसले, तर मात्र केळे आणि शहाळ्याचे पाणी दोन्ही थांबवावे. घुटी, काढे आणि कशात काय आहे हे न लिहिलेल्या पुड्या यांना यात कोठेही जागा नाही. मधही बाळ वर्षाचे होईपर्यंत नाही.

उन्हाळा आणि आखाजी

भुसावळ, जळगाव येथे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हाच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते आणि लेकी बाळांना घेऊन माहेरी निघतात. या बाळाला घेऊन दुपारच्या एसटीने जाऊ नये. पहाटेची गाडी धरावी आणि प्रवासात प्रत्येक तासाला पाजावे. घरात कूलर असेल तर वारा थेट अंगावर न घेता खिडकी उघडी ठेवून चालवावा. जुलाब लागले तर ओआरएसची पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यातच (मोठी पुडी असेल तर एक लिटर) विरघळवावी. वाटीभर पाण्यात चमचाभर पूड टाकण्याची पद्धत या बाळांच्या बाबतीत घातक आहे. तीन वेळा सलग उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. शंट असलेल्या बाळाची उलटी शंट तुंबल्याची, लघवीच्या जंतुसंसर्गाची किंवा रक्तातले आम्ल वाढल्याची असू शकते, आणि घरबसल्या यांतले कोणते ते कळत नाही.

ताप आला तर

सर्दी-खोकला नसताना ताप आला, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी लघवीचे कल्चर, म्हणजे कोणते जंतू वाढतात याची तपासणी, घ्यायला सांगावे. चिकटवायच्या पिशवीत गोळा केलेली लघवी कल्चरसाठी चालत नाही, त्वचेवरचे जंतू तिच्यात मिसळतात. नळीने घेतलेला किंवा मधल्या धारेत झेललेला नमुना हवा. थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ कापसाचा बोळा बेंबीखाली गोल गोल फिरवला, तर पुष्कळ बाळे काही मिनिटांत लघवी करतात. आईने फिरवावा आणि दुसऱ्याने निर्जंतुक डबी धरावी.

तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे चालते. इबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड देऊ नये. औषधाच्या दुकानात मागितल्याशिवायही ती हातात पडतात, पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबत एकाच बाटलीत, म्हणून लेबल वाचावे. जेंटामायसिन आणि अमिकासिन ही इंजेक्शने जीव वाचवतात, पण मूत्रपिंडांचा अंदाज घेऊन. झटक्यांच्या औषधांचाही येथे संबंध आहे. टोपिरामेट आणि झोनिसामाइड यांनी मुतखडा होऊ शकतो आणि रक्तातले आम्ल वाढते; लेव्हेटिरासिटॅम आणि व्हिगाबॅट्रिन यांचे डोस मूत्रपिंडांच्या ताकदीप्रमाणे ठरतात; एसीटीएच (झटक्यांसाठी दिले जाणारे संप्रेरकाचे इंजेक्शन) किंवा स्टेरॉइड चालू असताना रक्तदाब चढतो. मेंदूचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर वेगवेगळ्या शहरांत असले, की ही सांगड घालणारे फक्त पालकच उरतात.

पाठीवर गाठ असलेल्या बाळासाठी

येथे शत्रू दाब आहे. मूत्राशय नीट रिकामे होत नाही, लघवी उलटी वर चढते आणि मूत्रपिंडे झिजतात. लंगोट सतत ओला दिसतो म्हणून लघवी मोकळी होते आहे असे समजू नये. भरलेल्या हंड्यातून सांडावे तशी ती सांडत असते. ठराविक वेळेने, बहुधा दिवसातून चार ते सहा वेळा, स्वच्छ नळीने लघवी काढायला आईवडिलांनी शिकावे. पहिल्या आठवड्यात हात थरथरतो, महिन्याभरात ते दात घासण्याइतके सवयीचे होते. या मुलांना रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी होण्याचे प्रमाण बरेच असते, म्हणून हातमोजे आणि नळी लॅटेक्सविरहित मागावी.

तपासणीचा क्रम आणि कोठे जायचे

रक्तदाब दर भेटीत, बाळ शांत असताना, बाळाच्या दंडाला बेताचा पट्टा लावून घ्यावा. पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढतो. वरचा आकडा सातत्याने ११० च्या पुढे असेल, तर तो रडण्याचा मानून सोडून देऊ नये. जूबेर सिंड्रोममध्ये मूत्रपिंडे ठीक असली, तरी वर्षातून निदान एकदा रक्त, लघवी, सोनोग्राफी आणि रक्तदाब पाहावा, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याहून लवकर, कारण बालवयातला एक प्रकार पहिल्या पाच वर्षांतच मूत्रपिंडे निकामी करतो. नेहमीचा प्रकार पौगंडावस्थेच्या आसपास तेथवर नेतो. लोहाचे औषध देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर बाटली बदलण्यापेक्षा क्रिएटिनिन करावे.

सुरुवात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून करावी. २०१३ पासून चालू असलेल्या या योजनेतली पथके अंगणवाडीत येतात आणि मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आशाताईंकडून चिठ्ठी घ्यावी. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोग विभाग आहेत. मुलांच्या किडनीच्या तज्ज्ञांसाठी मात्र बहुधा नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचे उत्कृष्टता केंद्र आहे. निघण्यापूर्वी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून कोणते उपचार बसतात ते विचारावे, आणि शिधापत्रिका व बाळाचा जन्मदाखला सोबत घ्यावा.

जूबेर, मेकेल-ग्रुबर आणि गॅलोवे-मोवट यांत आईवडील दोघेही सहसा वाहक, म्हणजे स्वतः निरोगी पण बिघडलेले जनुक बाळगणारे, असतात आणि प्रत्येक गरोदरपणात दोष पुन्हा येण्याची शक्यता चारांत एक असते. ग्रहणात भाजी चिरल्याने किंवा सुनेच्या पायगुणाने हे होत नाही. मामेबहिणीशी लग्न झालेले असेल तर शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नातही हे घडते. बाळ अत्यवस्थ असले, तरी जनुकीय तपासणीसाठी त्याचे रक्त जपून ठेवायला सांगावे. पुढच्या वेळी अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी त्या उत्तरावरच होऊ शकते. पाठीवरच्या गाठीचे प्रकरण निराळे आहे. तेथे पुढच्या गरोदरपणाच्या आधीपासून फोलिक ॲसिडचा मोठा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

रात्रीची चिठ्ठी

अनोळखी दवाखान्यात रात्री दोन वाजता सगळे सांगत बसायला वेळ नसतो. तज्ज्ञांकडून त्यांच्या लेटरहेडवर एक चिठ्ठी घेऊन ठेवावी. तिच्यात बाळाचे वजन, दोषाचे नाव, नेहमीचे क्रिएटिनिन आणि सोडियम, चालू औषधे आणि टाळायची औषधे असावीत. बाळाला पाणी रोखता येत नसेल, तर सर्वांत वर ठळक अक्षरांत असे असावे: “या बाळाची मूत्रपिंडे पाणी रोखू शकत नाहीत. तोंडावाटे बंद ठेवायचे असल्यास शिरेतून द्रव लगेच सुरू करावा.” हे वाक्य केवळ आजारपणासाठी नाही. एमआरआयसाठी भूल देण्याआधी बाळाला सहा-सहा तास उपाशी ठेवतात, नंबर लांबला की आठ तास होतात, आणि नियोजित तपासणीच्या रांगेतच बाळ सुकते. म्हणून त्या दिवशी पहिला नंबर मागावा. चिठ्ठीची एक प्रत फाइलमध्ये, एक लंगोटांच्या पिशवीत आणि एक बाळाच्या आजोळी, आजीच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवावी.